टाकीमागची नोकरी

नवा फिशटँक घरी आला की पहिले तीन दिवस घरातली मंडळी टीव्ही विसरतात. काच लख्ख, पाणी लख्ख, खाली निळी खडी, कोपऱ्यात झाकण उघडून बुडबुडे सोडणारी प्लास्टिकची पेटी आणि मधे पाच-सहा गोल्डफिश. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यातला एक वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागतो. आठवडा संपायच्या आत दोन उलटे होऊन तरंगतात. पाणी घाण झालं असेल, असा निकाल घरात लागतो. सगळं पाणी मोरीत जातं, खडी नळाखाली खळखळून धुतली जाते, फिल्टरचा स्पंज पिळून पिळून पांढरा केला जातो. नव्या पाण्यात उरलेले मासेही चार दिवसांत जातात. दुकानदार म्हणतो, मासे नाजूक होते.

आता लखनौला जाऊ. शहराच्या तेलीबाग भागात, कॅनाल रिंग रोडवर, भारतीय कृषी संशोधन परिषदेचा राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे. डिसेंबर १९८३ मध्ये अलाहाबादला सुरू झालेली ही संस्था पुढे लखनौला आली. तिच्या आवारात ‘गंगा अ‍ॅक्वेरियम’ नावाचं मत्स्यालय आहे आणि ते सर्वसामान्यांना बघता येतं. शाळेच्या सहली येतात, पोरं काचेला नाक लावतात, आणि त्यातलंच एखादं पुढं चार-पाच वर्षांनी घरात तीन टाक्या सांभाळत विचारू लागतं : हेच काम पगारावर करता येईल का?

येतं. पण घरच्या टाकीतले मासे का मेले याचं उत्तर ज्याला नीट देता येत नाही, त्यानं हा प्रश्न इतक्यात विचारू नये. तेव्हा आधी ते उत्तर.

लख्ख पाण्यातलं विष

मासा खातो ते बहुतेक प्रथिन. त्यातल्या नायट्रोजनची विल्हेवाट आपण लघवीवाटे लावतो; मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे, सरळ अमोनियाच्या रूपात, पाण्यात सोडून देतो. नदीत हे खपून जातं, कारण पाणी वाहतं असतं. टाकीत मात्र माशाला आपल्याच उत्सर्जनात श्वास घ्यावा लागतो.

हिशेब करून बघा. दोन फुटी टाकीत साधारण ६५ लिटर पाणी बसतं. दिवसाला १ ग्रॅम खाद्य टाकलं तर त्याच्या सुमारे ३ टक्के, म्हणजे ३० मिलिग्रॅमच्या आसपास, अमोनिया तयार होतो. लिटरमागे जवळजवळ अर्धा मिलिग्रॅम. चार दिवसांत दोनच्या घरात. पाणी तेव्हाही काचेसारखं स्वच्छ दिसत असतं, कारण अमोनियाला रंग नाही आणि इतक्या कमी प्रमाणात त्याचा वासही येत नाही. घरात ज्याला आपण स्वच्छ म्हणतो तो डोळ्यांचा निकाल असतो. माशाचा निकाल कल्ल्यांवर लागतो.

निसर्गात या अमोनियावर जगणारे जिवाणू आहेत. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच : ते रक्तात शिरून प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन निकामी करतं, रक्त चॉकलेटी पडतं आणि भरपूर हवा सोडलेल्या पाण्यातही मासा गुदमरतो. नायट्रेट मात्र बरंच सौम्य. आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. फिल्टर म्हणजे कचरा गाळायची चाळणी, हा समज अर्धाच खरा. फिल्टर ही या जिवाणूंची वस्ती आहे. स्पंजवर, खडीवर, काचेवर जो बुळबुळीत थर बसतो तोच टाकीचा खरा प्राण, आणि आपण तोच पिळून फेकला.

हे जिवाणू फार संथ वाढतात. दूध नासवणारे किंवा पोट बिघडवणारे जिवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. यांना अनुकूल परिस्थितीतही दिवसाच्या आसपास वेळ लागतो. म्हणून नवी टाकी ‘पिकायला’ चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजचा तुकडा नव्या फिल्टरमध्ये घातला तर हा काळ खूप कमी होतो. दह्याला विरजण लावतो तसंच हे, आणि विरजण आंबट असेल तर दही आंबट होणार हेही तसंच : जुन्या टाकीत रोग असेल तर तोही त्या तुकड्याबरोबर येतो.

नायट्राइट वाढल्यावर मीठ का टाकतात तेही सांगून टाकतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या लोक हे करत आलेत आणि कारण विचारलं की ‘चांगलं असतं’ एवढंच सांगतात. मिठातलं क्लोराइड आणि नायट्राइट कल्ल्यांतल्या एकाच वाटेनं आत शिरतात. क्लोराइडची गर्दी झाली की नायट्राइटला जागा मिळत नाही. उपाय तात्पुरता आहे, पण जादूटोणा नव्हे.

लखनौचं पाणी, लखनौचा उन्हाळा

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, आणि त्यातलं एकच रूप कल्ल्यांतून सहज आत शिरून मारतं. कोणतं रूप किती, हे पाण्याच्या सामूवर आणि तापमानावर ठरतं. सामू म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलंय की अल्कलीकडे ते सांगणारा आकडा. ७ म्हणजे मधोमध. २५ अंशांना सामू ७ असेल तर मारक रूप अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर. सामू ८ झाला की तेच पाच टक्क्यांच्या वर, आणि ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. पाणी ३० अंशांवर गेलं की सामू ८ लाच साडेसात टक्के.

गंगेच्या गाळाच्या मैदानात जमिनीखालचं पाणी जड आणि अल्कलीकडे झुकलेलं असतं. कोकणात जांभ्यातून झिरपलेल्या मऊ विहिरीच्या पाण्यात टाकी सांभाळलेल्या मुलाला ही गोष्ट नवी असते. त्यानं रत्नागिरीत जेवढं खाद्य टाकलं तेवढंच लखनौच्या बोअरच्या पाण्यात टाकलं, तर अमोनिया तेवढाच तयार होईल, पण त्यातला मारक भाग कित्येक पट असेल. ‘माझी पद्धत वीस वर्षं चालते’ असं सांगणारे जुने छांदिष्ट इथंच फसतात. पद्धत चालत होती ती त्या पाण्यात.

नळाचं पाणी वापरावं तर त्यात क्लोरीन. लखनौच्या ऐशबागच्या जलशुद्धीकरण केंद्रात गोमतीचं पाणी येतं, आणि नदीचं पाणी माणसांना प्यायला द्यायचं तर ते जंतुमुक्त करावंच लागतं. जे औषध पोटाचे जंतू मारतं ते फिल्टरचे जिवाणू आणि माशांचे कल्ले यांनाही सोडत नाही. म्हणून पाणी उघड्यावर साठवून, हवा सोडून ठेवतात, किंवा दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळणारे थेंब टाकतात. ते म्हणजे बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटोग्राफरांचा हायपो.

आणि मग उन्हाळा. मे-जूनमध्ये लखनौचा पारा ४४-४५ अंशांना भिडतो, जानेवारीच्या धुक्यात रात्री पाच अंशांच्याही खाली जातो. पाण्यात प्राणवायू किती विरघळतो हे तापमानावर अवलंबून : १५ अंशांना लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात, ३५ ला सातच्याही खाली. उलट माशाची गरज दहा अंशांच्या वाढीमागे दुपटीच्या आसपास जाते. म्हणजे पुरवठा कमी होतो तेव्हाच मागणी वाढते, आणि नेमकी त्याच दुपारी वीज जाते.

वीज गेल्यावर बंद डब्याच्या फिल्टरमधले जिवाणू काही तासांत प्राणवायूवाचून मरायला लागतात आणि डब्यातलं पाणी सडतं. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो आणि ते सडकं पाणी टाकीत ओततो. मासे वीज नसताना तगतात आणि वीज आल्यावर मरतात! म्हणून अनुभवी माणूस पंप आधी बंद करतो, डबा उघडून ते पाणी फेकतो आणि मगच बटण दाबतो. मुलाखतीत मला प्रश्न विचारायला बसवलं तर मी पहिला हाच विचारीन.

साठ हजार लिटर

घरची टाकी आणि मत्स्यालयाची टाकी यांत फरक नुसता आकाराचा नसतो. १० मीटर लांब, ३ मीटर रुंद, २ मीटर खोल टाकी घ्या. पाणी ६० हजार लिटर, वजन ६० टन. तळाशी दर चौरस मीटरवर पाण्याचा दाब २ टनांचा. अशा टाकीच्या खिडकीला साधी काच चालत नाही; जाड अ‍ॅक्रिलिक लावतात, कारण ते चिवट असतं आणि वाकवूनही पारदर्शक राहतं. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात २०१५ च्या नूतनीकरणात बसवलेला बोगदा किंवा अहमदाबादच्या सायन्स सिटीत २०२१ मध्ये सुरू झालेला २८ मीटरचा बोगदा असाच. सपाट खिडकीतून बघताना मासा खऱ्यापेक्षा जवळ आणि मोठा दिसतो, कारण पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो. अंतर तीन चतुर्थांशच भासतं. जाळं घेऊन टाकीत हात घालणाऱ्या नवख्याचा पहिला झटका म्हणूनच हुकतो.

मोठ्या पाण्याची एक बाजू सोयीची आहे. घरची ६५ लिटरची टाकी एका अंशानं तापवायला विजेच्या युनिटचा बारावा-तेरावा हिस्सा पुरतो, म्हणून ती दुपारी तापते आणि रात्री गारठते. ६० हजार लिटर एका अंशानं तापवायला जवळजवळ ७० युनिटं लागतात. लखनौची लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, दिवसभर वाहिली तरी हे पाणी सहजासहजी हलत नाही. पण एकदा हललं की परत आणायलाही तेवढीच वीज. घरी चूक झाली तर बादलीभर पाणी बदलून दुरुस्त होते. इथं चूक हळू येते, आणि दिसेपर्यंत तिचं वजन साठ टन झालेलं असतं.

कामाचं स्वरूपही त्यामुळे पालटतं. सकाळी दारं उघडायच्या आधी प्रत्येक टाकीतले मासे मोजायचे. वाळूच्या फिल्टरमधून उलटं पाणी सोडून गाळ धुवायचा. सायफननं तळ ओढायचा, काच आतून पुसायची. कोळंबी सोलायची, चिरायची, वजन करायची. माशांच्या स्वयंपाकघराचा वास अंगाला रात्रीपर्यंत राहतो. प्रेक्षक आल्यावर काचेवर टकटक करणाऱ्यांना दिवसभर समजावायचं. माशाच्या दोन्ही अंगांना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, तिच्यातल्या सूक्ष्म इंद्रियांनी त्याला पाण्यातली हालचाल कळते. काचेवरची टिचकी त्याच्यापर्यंत आवाज आणि धक्का अशा दोन्ही रूपांत पोचते. मासे बघत बसणं हा या नोकरीचा फार छोटा भाग आहे. ज्याला नेमकं तेवढंच हवंय, त्यानं छंदच ठेवावा. तो जास्त सुखाचा.

नव्या पाहुण्यांना वेगळी खोली

करोनानं आपल्याला विलगीकरण शिकवलं. मत्स्यालयं ते आधीपासून पाळतात. नवा मासा थेट प्रदर्शनाच्या टाकीत जात नाही. त्याची टाकी वेगळी, जाळं वेगळं, बादली वेगळी. किती दिवस ठेवायचं, याचं उत्तर मात्र एका आकड्यात देता येत नाही.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घ्या. माशाच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे कातडीखाली वाढणारा एकपेशीय परजीवी. पोसला की तो मासा सोडतो, तळाशी कोश करतो, कोशात शेकडो पिल्लं होतात आणि ती फुटून पोहत नवा मासा शोधतात. औषध या पोहणाऱ्या पिल्लांनाच मारतं. कातडीखालच्या किंवा कोशातल्या परजीवीला ते पोचतच नाही. म्हणून ठिपके गेले की औषध बंद करणारा माणूस पुढच्या आठवड्यात परत दुकानात येतो.

हे सगळं चक्र २५ अंशांना आठवड्याभरात पुरं होतं. पाणी १० अंशांवर असेल तर त्याला महिन्याहून जास्त लागतो. म्हणजे जुलैत जे विलगीकरण पुरेसं होतं तेच लखनौच्या जानेवारीत, पाणी तापवलेलं नसेल तर, अपुरं पडेल. पुस्तकातले ‘तीस दिवस’ पाठ करून चालत नाही. त्या तीस दिवसांत चक्र किती वेळा फिरलं ते मोजावं लागतं.

नजर वहीत उतरवायची

मला जे सांगायचंय ते इथं येतं. चांगल्या छांदिष्टाकडे नजर असते, आणि ती खोटी नसते. चितल मासा बघा. उत्तर प्रदेशाचा हा राज्यमासा, गंगा अ‍ॅक्वेरियमला जिचं नाव आहे त्या नदीतला स्थानिक. सुरीच्या पात्यासारखा चपटा, डोक्यामागे पाठीला उंचवटा, शेपटीकडे काळ्या ठिपक्यांची ओळ, आणि पोटाखालून थेट शेपटीपर्यंत गेलेला एकच लांब पर. त्या परावरून लाट पुढून मागे गेली की मासा पुढे जातो, मागून पुढे गेली की उलटा सरकतो. अंग जवळजवळ हलतच नाही. मधूनच तो वर येतो, पृष्ठभागावरची हवा गिळतो आणि खाली जातो, कारण त्याच्या हवेच्या पिशवीचा फुप्फुसासारखाही उपयोग होतो.

प्रेक्षकाला वाटतं, मासा गुदमरतोय. अनुभवी माणसाला कळतं की हे त्याचं रोजचं आहे. आणि एखाद्या दिवशी त्याच माणसाला न सांगता येणारी शंका येते : आज जरा जास्तच वर येतोय.

घरी एवढी शंका पुरते. मत्स्यालयात पुरत नाही, कारण तिथं ती टाकी तीन पाळ्यांत तीन माणसं बघतात आणि आठवड्याच्या सुटीला चौथाच. पहिल्याची शंका दुसऱ्यापर्यंत कशी पोचणार? ‘जास्त’ म्हणजे किती? दहा मिनिटांत किती वेळा वर आला, हे मोजून लिहिलं असेल तरच.

चौकट : एका पानाचा नमुना (काल्पनिक)

टाकी ४, चितल. सकाळी ७.४०. तापमान ३१. सामू ८.१. अमोनिया ०.२५, काल ०. नायट्राइट ०.१, काल ०. मासे ३, दिसले ३. खाद्य : चिरलेली कोळंबी ४० ग्रॅम, दहा मिनिटांनी १५ ग्रॅम उरली, काढून टाकली. मोठा मासा दहा मिनिटांत ५ वेळा वर, एरवी १-२. काल दुपारी स्पंज धुतला, नळाच्या पाण्यात.

या पानात ‘मासा आजारी वाटतो’ असं कुठंही लिहिलेलं नाही, तरी सगळं आहे. नळाच्या क्लोरीननं जिवाणू मेले, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावरून वर आले, सामू आणि तापमान यांनी त्या थोडक्या अमोनियाला धार दिली, भूक मंदावली, आणि कल्ले नीट काम करीनात म्हणून मासा हवेकडे वळला. रात्रपाळीच्या माणसानं तो मासा आयुष्यात पाहिलेला नसला तरी त्याला काय करायचं ते कळतं : खाद्य बंद, क्लोरीन काढलेल्या पाण्यानं चौथा हिस्सा बदल, हवा वाढव. शेवटची ओळ ज्यानं लिहिली त्यानं आपलीच चूक लिहून ठेवली, हेही बघा. जिथं त्यासाठी ओरडा बसतो तिथं ती ओळ पुढच्या वेळी लिहिली जात नाही आणि मासे कशानं मेले ते कोणाला कळत नाही.

काचेच्या टाकीचा इतिहासही असाच घरातून आणि नोंदीतून सुरू झालेला आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञानं गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एका टाकीत ठेवून कोण कोणाला जगवतं याची निरीक्षणं १८५० मध्ये रसायनशास्त्राच्या सभेपुढे मांडली. कुजणाऱ्या पानांमुळे पाणी बिघडतं आणि ती पानं खाणारी गोगलगाय आणली की सुधारतं, हे त्यानं लिहून दाखवलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं.

मराठी माणसाला लखनौ म्हटलं की विष्णू नारायण भातखंडे आठवतात. मुंबईचा हा वकील संगीताच्या नादाला लागला, उस्तादांच्या गळ्यातल्या चिजा स्वरलिपीत उतरवत हिंडला आणि १९२६ मध्ये लखनौच्या मॅरिस कॉलेजची उभारणी त्याच्या हातून झाली. कागदावर गाणं उतरत नाही, म्हणणारे तेव्हाही होते, आणि त्यांचं पूर्ण चूकही नव्हतं. पण ज्याला शिकायला उस्तादाचं घर उघडं नव्हतं त्याला ती पुस्तकंच वाट होती. टाकीची वही याहून फार वेगळं काम करत नाही.

हे शहर आणि मासे

लखनौला तसे माशांचे वावडे कधीच नव्हते. अवधच्या नबाबांच्या राजचिन्हात माशांची जोडी होती, जुन्या दरवाज्यांच्या कमानींवर ती आजही दिसते आणि उत्तर प्रदेश सरकारच्या मुद्रेतही दोन मासे आहेत. मच्छी भवन नावाचा किल्ला इंग्रजांनी १८५७ च्या धामधुमीत सुरुंग लावून स्वतःच उडवला.

ब्यूरोचं काम मात्र दगडातल्या माशांचं नाही. देशात कोणत्या जाती कुठं आहेत, त्यांच्यात आनुवंशिक फरक काय, कोणत्या संपायला आल्यात, याची ही खातेवही. माशाच्या एका ठरावीक जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून जात ओळखायची, याला डीएनए बारकोड म्हणतात. फोटोत सारखे दिसणारे दोन मासे इथं वेगळे निघतात. नरांचं वीर्य द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना, साठवता येतं. अंडी मात्र अशी गोठवता येत नाहीत. त्यांत पाणी आणि बलक इतका की गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. त्यामुळे मादी जिवंतच सांभाळावी लागते, आणि जिवंत सांभाळणं म्हटलं की परत टाकी, फिल्टर आणि सकाळी मासे मोजणारा माणूस.

या ब्यूरोचा एक धागा महाराष्ट्रात येतो. ऐरोलीच्या ठाणे खाडीकाठच्या सागरी जैवविविधता केंद्रात, राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाबरोबर, ब्यूरोच्या साहाय्यानं समुद्री शोभिवंत माशांची पैदास उभी राहिली. क्लाउनफिशची पिल्लं तिथं तयार करून किनाऱ्यावरच्या लोकांना वाढवायला द्यायची, अशी कल्पना. प्रवाळावरून पकडून आणलेला मासा आणि टाकीत जन्मलेला मासा काचेमागे सारखेच दिसतात. पण पहिल्याच्या मागं एक रिकामी झालेली जागा असते. दक्षिण सह्याद्रीतल्या ओढ्यांतला डेनिसन बार्ब हा देखणा मासा परदेशी हौशींच्या मागणीपायीच धोक्यात आला.

छंदाचं दुसरं टोकही नदीतच निघतं. टाकीत बोटाएवढा आणलेला सकर मासा फूटभर झाला की तो लोकांना नको होतो आणि ‘पुण्य लागेल’ म्हणून नदीत जातो. दक्षिण अमेरिकेतला हा मासा आता गंगेत सापडतो. थाई मांगूर तर खाण्यासाठी आणला गेला, आणि स्थानिक माशांचा फडशा पाडतो म्हणून २००० साली त्याच्या संवर्धनावर बंदी घालावी लागली. मत्स्यालयात काम करणाऱ्याला हे प्रेक्षकांना सांगता आलं पाहिजे, तेही त्यांचा अपमान न करता, कारण समोरचा बहुतेक वेळा घरच्या नको झालेल्या सकरचं काय करू हेच विचारायला आलेला असतो.

दार कुठून उघडतं

सरळ रस्ता शिक्षणाचा. बारावी विज्ञान, मग बी.एफ.एस्सी. ही मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी. महाराष्ट्रात ती रत्नागिरीच्या शिरगावला, नागपूरला आणि उदगीरला करता येते. उत्तर प्रदेशात अयोध्येजवळ कुमारगंजच्या कृषी विद्यापीठात. पुढच्या शिक्षणाला मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, १९६१ ची. ब्यूरोसारख्या ठिकाणी शास्त्रज्ञ व्हायचं तर पदव्युत्तर पदवी आणि कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाची परीक्षा लागते. त्याखालोखाल तांत्रिक पदं असतात. कृषी संशोधन परिषदेच्या टेक्निशियन पदाच्या मागच्या भरतीत दहावीची पात्रता होती. मात्र या जागा ‘मत्स्यालयासाठी’ म्हणून निघत नाहीत. माणूस संस्थेत लागतो. पुढे टाक्या वाट्याला येतील, तळी येतील किंवा प्रयोगशाळेची काचभांडी येतील, हे त्याच्या हातात नसतं. रोजची मेहनत पुष्कळ ठिकाणी कंत्राटी माणसं करतात आणि त्यांची नावं पाटीवर नसतात. हे माहीत असून यावं.

खासगी बोगदेवाल्या मत्स्यालयांना पाण्यात उतरून काच पुसणारे, माशांना भरवणारे लोक लागतात. तिथं पदवीइतकंच स्कूबाचं प्रमाणपत्र चालतं, आणि पंप, वायरिंग, पाइपजोड यातलं कळणारा माणूस माशांची लॅटिन नावं पाठ असलेल्यापेक्षा लवकर घेतला जातो. आयटीआय झालेल्या मुलांनी हे लक्षात घ्यावं.

वयाची अट उलटून गेलेल्यांना किंवा पदवी नसलेल्यांना एक वाट राहते आणि माझ्या मते ती कमी लेखली जाते. लखनौत काय नि नाशकात काय, हॉटेलं, दवाखाने, दागिन्यांची दुकानं यांच्यात टाक्या असतात आणि त्या महिन्याच्या ठरावीक पैशांवर सांभाळणारा कुणीतरी असतो. मोटारसायकलला अडकवलेली बादली, सायफनची नळी, हायपो आणि तपासणीचं किट एवढ्यावर तो दिवसाला आठ-दहा ठिकाणी जातो. प्रत्येक ठिकाणचं पाणी वेगळं, वीज वेगळी, खाद्य टाकणारा हात वेगळा. कुठं रखवालदार दिवसातून पाच वेळा टाकतो, कुठं सोमवारपर्यंत कोणीच टाकत नाही. घरातल्या एका देखण्या टाकीत जे वर्षानुवर्षं समोर येत नाही ते इथं पहिल्याच उन्हाळ्यात येतं. अर्जासोबत मोबाइलमधले सुंदर फोटो जोडण्यापेक्षा अशा दहा टाक्यांची वर्षभराची वही जोडावी, मेलेल्या माशांच्या पानांसकट.